लेक पॅरामॅटा : उपनगरातल्या रानात पहिल्यांदा जाताना

सिडनीच्या पश्चिम भागात, म्हणजे वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल, हॅरिस पार्क किंवा पॅरामॅटा येथे नव्याने बिऱ्हाड केलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या काही महिन्यांत ऑपेरा हाउस, बाँडायचा किनारा आणि ब्लू माउंटन्स ही तीन ठिकाणे हमखास दाखवली जातात. घरापासून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर असलेले रान मात्र वर्ष-दोन वर्षे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पॅरामॅटाच्या मध्यवस्तीपासून उत्तरेला साधारण दोन किलोमीटरवर लेक पॅरामॅटा रिझर्व्ह आहे. हंट्स क्रीक या ओढ्यावर बांध घालून केलेले तळे आणि त्याच्या भोवतीचे सत्तर हेक्टरांहून मोठे झुडपी रान, असे त्याचे स्वरूप असून त्याची देखभाल पॅरामॅटाची कौन्सिल करते. रानाच्या चारही बाजूंना घरे आहेत आणि तरीही शंभर-दीडशे पावले आत गेल्यावर रस्त्याचा आवाज बराच मागे पडतो. इथे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, आणि विशेषतः भारतातून काही महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना किंवा सासूसासऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांसाठी, हे मार्गदर्शन आहे.

माझा पहिला सल्ला अनेकांना उलटा वाटेल : पहिल्या भेटीत तळ्याची फेरी पूर्ण करू नये. पूर्ण फेरी सुमारे चार किलोमीटरची आहे आणि आकडा ऐकून ती किरकोळ वाटते, कारण तेवढे आपण पर्वतीवर किंवा संजय गांधी उद्यानात सहज चालतो. पण वाट खडकांवरून चढते-उतरते, मुळांमधून जाते, आणि वाट संपवण्याकडे लक्ष लागले की रान पाहायचे राहून जाते. पहिल्या वेळी तासभर, दुसऱ्या वेळी अर्धी वाट जाऊन परत, आणि तिसऱ्या वेळी फेरी, असा क्रम ठेवल्यास वाटेचा अंदाजही येतो आणि घरातल्या कोणाचे गुडघे किती साथ देतात हेही कळते.

जाण्याआधी

दिवस ठरवताना इथले ऋतू उलटे आहेत हे लक्षात घ्यावे. नवख्यांसाठी मे ते ऑगस्ट हा काळ सर्वांत सोयीचा असतो. हवा थंड असते, साप फारसे बाहेर नसतात आणि ऑगस्टच्या सुमारास वॉटलची पिवळी फुले रान उजळून टाकतात. मात्र हिवाळ्यात दिवस फार लहान असतो. जूनमध्ये सूर्य पाचच्या आसपास मावळतो, त्यामुळे दुपारचा चहा घेऊन चार वाजता निघण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही. रानात अंधार त्याच्याही आधी उतरतो आणि गाड्यांचे फाटक ठरलेल्या वेळी बंद होते. फाटकाची वेळ प्रवेशाजवळच्या फलकावर लिहिलेली असते, ती आत शिरतानाच वाचून घ्यावी. उन्हाळ्यात जायचे असल्यास सकाळी आठच्या आत पोहोचावे.

ऑक्टोबर ते मार्च हा सरकारी भाषेत वणव्याच्या धोक्याचा काळ असतो. निघण्यापूर्वी त्या दिवसाची धोक्याची पातळी पाहण्याची सवय लावून घ्यावी. सप्टेंबर २०२२ पासून देशभर मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटॅस्ट्रॉफिक अशा चार पातळ्या वापरल्या जातात, आणि ‘हॅझर्ड्स निअर मी’ या अ‍ॅपवर त्या दिसतात. यांपैकी शेवटच्या दोन पातळ्यांच्या दिवशी, किंवा जोराच्या वाऱ्याच्या कोणत्याही दिवशी, रानात जाऊ नये. कौन्सिलच्या संकेतस्थळावर रान किंवा एखादी वाट बंद असल्याची सूचना आहे का, तेही पाहावे. धोका कमी करण्यासाठी मुद्दाम केलेल्या जाळपट्ट्यांच्या वेळी वाटा बंद ठेवल्या जातात.

पोहोचण्यासाठी गाडी असल्यास नॉर्थ पॅरामॅटामधील लॅकी स्ट्रीटचा पत्ता घालावा. गाडी नसल्यास पॅरामॅटा स्थानकावरून बसची वेळ ट्रिप प्लॅनरवर पाहावी, किंवा डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाइट रेलने फेनेल स्ट्रीट थांब्यावर उतरून उत्तरेकडे चालावे. ही चाल सुमारे अर्ध्या तासाची आहे आणि ज्येष्ठांसाठी ती रानाच्या आधीच दमवणारी ठरू शकते.

सोबत काय घ्यावे

पायांत चांगली पकड असलेले, पुढून बंद असलेले बूट हवेत. चपला, सँडल आणि सपाट तळव्याचे कोल्हापुरी जोड या वाटेवर चालत नाहीत, आणि हे सांगण्याची गरज पडते कारण दर सुटीच्या दिवशी कोणी ना कोणी साडी सावरत चपलांत खडक उतरताना दिसतेच. पाय झाकणारी पँट, मोजे आणि टोपी घ्यावी. सनस्क्रीनबद्दल आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे की सावळ्या कातडीला त्याची गरज नसते. सिडनीच्या उन्हाळ्यात अतिनील किरणांचा निर्देशांक दुपारी अकराच्या वर जातो, आणि तो तीन किंवा अधिक असेल तेव्हा त्वचा झाकावी, असा इथल्या आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. हवा थंड किंवा ढगाळ आहे म्हणून निर्देशांक कमी असेलच असे नाही.

माणशी किमान एक लिटर पाणी घ्यावे. पिशवीत दोन रुंद, लवचीक क्रेप बँडेज ठेवावीत. त्यांचे काम पुढे येईल. फोन पूर्ण चार्ज करून ‘इमर्जन्सी प्लस’ हे अ‍ॅप आधीच उतरवून घ्यावे, कारण संकटाच्या वेळी आपण नेमके कुठे आहोत हे सांगणे सर्वांत अवघड जाते आणि हे अ‍ॅप स्थळाचे अचूक अंक व शब्द पडद्यावर दाखवते. घळीत काही ठिकाणी रेंज कमी होते, म्हणून निघताना घरच्या कोणाला तरी परतण्याची वेळ सांगून ठेवावी. भारतातून आलेल्या पाहुण्यांचा प्रवास विमा चालू आहे याचीही खात्री करावी, कारण न्यू साउथ वेल्समध्ये रुग्णवाहिका फुकट नसते. अर्थात बिलाच्या भीतीने फोन करणे कधीही लांबवू नये.

पहिला तास

गाडी लावल्यावर प्रथम गवताच्या मोकळ्या जागेतून बांधाकडे जावे. हा बांध १८५६ मध्ये पूर्ण झाला. तो पाण्याच्या दिशेने फुगवटा असलेल्या कमानीसारखा असून पाण्याचा दाब दोन्ही बाजूंच्या खडकांवर टाकतो, त्यामुळे भिंत तुलनेने पातळ ठेवता आली. ऑस्ट्रेलियातला हा पहिला कमानी बांध, आणि जगातल्या अगदी आरंभीच्या अशा बांधांपैकी एक. शहराची तहान वाढल्यावर १८९८ मध्ये त्याची उंची वाढवण्यात आली आणि १९०९ पर्यंत पॅरामॅटाला इथूनच पाणी मिळत होते. तळ्याभोवतीचे रान टिकण्याचे एक कारण या पाण्यातच आहे : पाणलोट स्वच्छ राहावा म्हणून इथे वस्ती होऊ दिली नाही. बांध पाहून पाण्याच्या कडेने थोडे चालावे, एका जागी पंधरा मिनिटे बसावे आणि परत फिरावे. पहिल्या दिवसासाठी एवढे पुरेसे आहे.

बसायची जागा निवडताना मात्र वर पाहावे. मोठ्या गम वृक्षांच्या, म्हणजे युकॅलिप्टस आणि त्याच्या सोयऱ्या झाडांच्या, जाड फांद्या वारा नसतानाही, विशेषतः उन्हाळ्यात, अचानक तुटून पडतात. म्हणून अशा फांदीखाली चटई पसरू नये.

ही भूमी धारुग लोकांची, त्यांच्यातील बुरामट्टागल कुळाची आहे. पॅरामॅटा हे नाव त्यांच्याच शब्दावरून आले असून त्याचा संबंध ईल माशांच्या वसतिस्थानाशी आहे. प्रवेशाजवळच्या फलकांवर याची माहिती असते. मुलांना ती वाचून दाखवावी, कारण शाळेत त्यांना हे नाव रोज ऐकू येते.

रान कसे पाहावे

सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हे रान प्रथम निराश करते, आणि ते स्वाभाविक आहे. हिरवा रंग इथे राखट आहे, सावली विरळ आहे, आणि जिकडे पाहावे तिकडे एकच झाड पुन्हा पुन्हा लावल्यासारखे वाटते. सावली विरळ असण्याचे कारण युकॅलिप्टसच्या पानांत आहे : ती आडवी न पसरता खाली लोंबतात, त्यामुळे त्यांची कड सूर्याकडे होते आणि ऊन त्यांच्यामधून गळून थेट जमिनीवर येते. पानगळीचा वेगळा ऋतू नाही. पाने वर्षभर थोडी थोडी गळत राहतात, आणि डोळ्यांत भरते ती सालींची गळ. सिडनी रेड गम नावाच्या झाडाची जुनी राखाडी साल उन्हाळ्याच्या तोंडावर सोलून पडते आणि आतून निघालेले खोड पिकल्या पपईच्या रंगाचे, हात फिरवावासा वाटेल इतके गुळगुळीत असते. काही दिवसांनी तोच रंग पुन्हा फिका पडतो.

पायाखालचा खडकही वेगळा आहे. आपला काळा पाषाण लाव्ह्याचा आणि साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथला पिवळसर वालुकाश्म वीस कोटी वर्षांहून जुना, नदीने आणून टाकलेल्या वाळूचा. वाळूची माती निकस असते, तिच्यात फॉस्फरस फारच कमी, आणि म्हणून इथल्या झुडपांची पाने लहान, जाड, खरखरीत असतात : एकदा मिळवलेले पान लवकर गमावणे त्यांना परवडत नाही. बँक्झियाचे उभे, बाटली धुण्याच्या ब्रशसारखे फूल आणि त्याची नंतर होणारी लाकडी, तोंडे वासलेली बोंडे ही या निकसपणातून उभी राहिलेली श्रीमंती आहे. काही बँक्झियांची बोंडे वणव्याच्या आचेनेच उघडतात आणि बी राखेत पडते.

नवख्याने ओळखीच्या झाडांपासून सुरुवात करावी, आणि अशी झाडे आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त आहेत. निलगिरी म्हणजे युकॅलिप्टसच. कोकणच्या किनाऱ्यावरची सुरूची बने ज्याने पाहिली आहेत त्याला ओढ्याकाठची शी-ओक पाहताक्षणी जवळची वाटेल, कारण ती सुरूचीच सोयरी आहे. वारा तिच्या काड्यांमधून जातो तेव्हा आवाजही तोच, दिवेआगरच्या किनाऱ्यावरचा. वॉटल म्हणजे अकेशिया, तिचे नाते बाभळीशी. कोकणातल्या रस्त्यांच्या कडेला सामाजिक वनीकरणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळही याच देशातून आलेली. आणि वाटेच्या कडेला गुलाबी-पिवळ्या फुलांचे काटेरी झुडूप दिसले तर ती घाणेरी आहे, हे सांगायला वनस्पतिशास्त्रज्ञ लागत नाही. सह्याद्रीला तिने जसे ग्रासले आहे तसेच सिडनीच्या रानांनाही.

पक्ष्यांत पहिला मान कुकाबुराचा. मोठमोठ्याने हसल्यासारखा ओरडणारा हा पक्षी आपल्या खंड्याच्याच कुळातला, पण मासेमारीपेक्षा सरडे, किडे आणि लहान साप यांवर जगणारा. सहलीच्या मेजावरचे खाणे उचलण्यातही तो पटाईत आहे. पाण्याकाठच्या खडकावर हातभर लांबीचा, पाठीवर काट्यांची रांग असलेला सरडा दिसेल. त्याला वॉटर ड्रॅगन म्हणतात. जवळ गेल्यास तो धपकन पाण्यात उडी मारतो आणि बराच वेळ खालीच राहतो, म्हणून दोन-तीन मीटर लांबूनच पाहावे. वाटेलगत पालापाचोळ्याचा मोठा ढीग दिसला तर तो कोणी झाडलेला कचरा नव्हे, बुश टर्कीचे घरटे असते. नर पाचोळा ओढून ढीग रचतो, माद्या त्यात अंडी घालतात, कुजणाऱ्या पाचोळ्याच्या उबेवर ती उबतात, आणि नर चोचीने ढिगाची उष्णता पारखत पाचोळा कमी-जास्त करत राहतो. मुलांना अशा ढिगावर चढू देऊ नये.

एक बाब थोडी मनाला लागणारी आहे. आपली साळुंकी इथे ‘इंडियन मैना’ या नावाने बदनाम आहे. एकोणिसाव्या शतकात माणसांनीच तिला मेलबर्नला आणले, आणि आता ती स्थानिक पक्ष्यांच्या ढोल्या बळकावते म्हणून नकोशी झाली आहे. तिच्याशी नावाने गल्लत होणारा नॉइझी मायनर हा राखाडी, कलकलाट करणारा पक्षी मात्र अस्सल इथला.

हे सारे दिसण्यासाठी आवाज कमी हवा. स्पीकरवर गाणी लावून चालणारा गट पुढे असेल तर त्याला दहा मिनिटांचे अंतर द्यावे. समोरून येणारे लोक ‘हॅलो’ किंवा ‘मॉर्निंग’ म्हणतात. त्याला उत्तर द्यावे आणि अरुंद जागी डाव्या बाजूने चालावे.

काय करू नये

देवराईतून वाळकी काटकीही उचलायची नाही, हा नियम आपल्यापैकी अनेकांनी आजोळी ऐकलेला असतो. इथे कायदा जवळजवळ तेच सांगतो. फुले, बी, दगड, वाळके लाकूड यांपैकी काहीही घरी आणू नये. पडलेल्या ओंडक्याच्या पोकळीत सरडे आणि कीटक राहतात. पूजेसाठी वॉटलची डहाळी तोडणे हेही यातच आले.

त्याचप्रमाणे रानात काही सोडूही नये. घरातले निर्माल्य, नारळ, दिवे किंवा गणेशमूर्ती या तळ्यात विसर्जित करू नये. कुंडीतला कढीपत्ता जागा नाही म्हणून रानाच्या कडेला लावणे, किंवा मुलांचा कंटाळा आलेला मासा तळ्यात सोडणे, हे सद्भावनेने केलेले असले तरी घाणेरी आणि साळुंकी अशीच आलेली आहेत. बदकांना पोळी किंवा पाव घालू नये. उघड्यावर दिवा, उदबत्ती किंवा कापूर लावू नये. टोटल फायर बॅनच्या दिवशी तर उघड्यावरील अग्नी हा मोठ्या दंडाचा गुन्हा ठरतो.

पोहण्याबाबत विशेष काळजी हवी. अनेक दशकांच्या बंदीनंतर २०१५ मध्ये इथे पोहणे पुन्हा सुरू झाले, पण ते उन्हाळ्यात, जीवरक्षक हजर असताना आणि आखलेल्या भागातच. पावसानंतर एक-दोन दिवस पाण्यात उतरू नये, कारण रस्त्यांवरचे पाणी ओढ्यातून तळ्यात येते. विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी आत्मविश्वास थोडा बाजूला ठेवावा. तळ्याचा तळ दिसत नाही आणि खडक कुठे आहे ते उडी मारल्यावर कळून उपयोग नसतो.

साप, कोळी आणि इतर

भीती घालण्यासाठी हा भाग नाही, पण माहिती नसताना जाणेही योग्य नाही. सिडनीच्या रानांत लाल पोटाचा काळा साप आणि ईस्टर्न ब्राउन हे दोन्ही विषारी साप आढळतात आणि सप्टेंबर ते एप्रिल या उबदार महिन्यांत ते जास्त हिंडतात. वाटेच्या मध्यभागी चालावे, ओंडका ओलांडताना पलीकडे पाहून पाय टाकावा, आणि साप दिसल्यास थांबून त्याला जाऊ द्यावे. काठी उचलण्याचा मोह आवरावा. सापाला मारणे हा गुन्हा आहे आणि पुष्कळसे दंश अशा झटापटीतच होतात.

दंश झालाच तर माणसाला जागीच झोपवावे, चालू देऊ नये. जखम धुऊ नये, कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. ००० या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा, दंशाच्या जागेवर क्रेप बँडेज घट्ट गुंडाळावे, मग दुसऱ्या बँडेजने बोटांच्या बाजूपासून वर पूर्ण हात किंवा पाय मुरगळल्यावर बांधतो तितका आवळून बांधावा आणि काठी लावून तो हलणार नाही असा स्थिर करावा. इथल्या सापांचे विष मुख्यतः लसिकावाहिन्यांतून पसरते, आणि दाब व स्थिरता यांमुळे ते पसरणे मंदावते. फनेल-वेब या काळ्या, चकचकीत कोळ्याच्या दंशालाही हाच उपचार. या कोळ्यावरचे प्रतिविष १९८१ पासून उपलब्ध आहे आणि त्यानंतर त्याच्या दंशाने मृत्यू झाल्याची नोंद नाही. रेडबॅक कोळ्याच्या दंशाला मात्र बँडेज न बांधता बर्फाचा शेक द्यावा. शंका असल्यास विषबाधा केंद्राचा १३ ११ २६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. इंग्रजीची अडचण असणाऱ्या ज्येष्ठांना ०००वर आपली भाषा सांगितली तरी दुभाष्या मिळतो, हे घरी आधीच समजावून ठेवावे.

ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात मॅगपाय पक्षी पिल्लांच्या रक्षणासाठी माणसांवर झेप घेतात. झेप घेणारे थोडेच नर असतात, पण ज्याच्या डोक्यावर झेप येते त्याला हे गणित सुचत नाही. पळू नये, टोपी घालावी किंवा छत्री उघडावी आणि त्या झाडापासून शांतपणे दूर जावे. आजींच्या हातातली छत्री इथे आमच्या साऱ्या आधुनिक सामानापेक्षा जास्त उपयोगी पडल्याचे मी पाहिले आहे.

दुसरी आणि तिसरी भेट

वाटांवर चिन्हे लावलेली आहेत. तीच पाळावीत आणि आडवाटा धरू नयेत. तळ्याची पूर्ण फेरी म्हणजे ओढा दोन ठिकाणी ओलांडणे आलेच, त्यामुळे जोराच्या पावसानंतर ती टाळावी. फेरीला दोन तास राखून ठेवावेत. बाबागाडी फक्त गवताच्या भागापर्यंत न्यावी. पुढे लहान मुलाला पाठीवर घ्यावे लागते.

रान आवडू लागले आणि त्यासाठी काही करावेसे वाटले, तर कौन्सिलच्या बुशकेअर गटांबद्दल चौकशी करावी. हे स्वयंसेवक घाणेरी आणि प्रिव्हेट नावाचे परके झुडूप उपटतात. या कामाची पद्धत सिडनीच्याच मॉसमन भागातील जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोघी बहिणींनी १९६० च्या दशकात घालून दिली : तण सर्वांत जास्त जिथे आहे तिथून आरंभ न करता, जिथे रान अजून धड आहे तिथून आरंभ करावा, माती कमीत कमी हलवावी आणि स्थानिक रोपे उगवतील त्याच वेगाने पुढे सरकावे. मराठी माणूस श्रमदानाला नवा नाही, पण एका सकाळी सगळे साफ करून टाकण्याची आपली हौस इथे गटप्रमुख हळूच आवरतात.

परतल्यावर

बुटांच्या तळव्यांची माती गाडीत बसण्यापूर्वीच ब्रशने काढावी. फायटॉप्थोरा नावाचा मुळे कुजवणारा रोग मातीबरोबर एका रानातून दुसऱ्यात जातो, आणि पुढच्या रविवारी आपण दुसऱ्याच रानात असणार असतो. घरी आल्यावर कपडे बदलून काखा, कानामागे, केसांच्या मुळाशी आणि कमरेला गोचीड चिकटली आहे का ते पाहावे. दिसल्यास चिमटीने किंवा नखाने ओढू नये, तेल लावू नये. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गोठवणाऱ्या फवाऱ्याने ती जागीच मारावी आणि आपोआप गळू द्यावी. गोचिडीची आधीपासून अ‍ॅलर्जी असल्यास, किंवा अंगावर पित्त उठले, चेहरा सुजला वा श्वास लागला, तर घरगुती उपाय न करता तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. पावसाळी दिवसांनंतर अंगाला जळूही चिकटलेली आढळेल. ती सह्याद्रीतल्यासारखीच त्रासदायक आणि तेवढीच निरुपद्रवी असते.